ऐकणाऱ्यांची यंत्रे

एचआरओ या अमेरिकन रेडिओ रिसीव्हरच्या तोंडावर मधोमध तळहाताएवढी एक काळी तबकडी असते. रेडिओच्या डायलवर आपण जे शोधतो त्यातले तिच्यावर काहीच नसते. मीटर नाहीत, किलोसायकल नाहीत, लंडन-कोलंबो नाही. छोट्या खिडक्यांतून फक्त आकडे दिसतात आणि तबकडी फिरेल तसे बदलत जातात, दहा पूर्ण फेऱ्यांत शून्यापासून ५०० पर्यंत. ही मोजपट्टी सरळ उलगडली तर १२ फूट भरेल असा तिच्या निर्मात्यांचा हिशेब होता. पण २३७ म्हणजे कोणती जागा, हे तबकडी सांगत नाही. त्यासाठी तिच्या खाली बसवलेल्या कॉइलच्या पेटीकडे पाहावे लागते. टेबलाचा खण ओढावा तशी ही पेटी बाहेर काढता येते आणि तिच्या जागी दुसरी बसवता येते. प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूवर आलेखाचा एक कागद असतो. तबकडीवरचा आकडा त्यावर शोधायचा आणि तिथून फ्रिक्वेन्सी वाचायची. पेट्या चार आणि त्यांना नावे ए, बी, सी, डी. त्या चारांत मिळून १.७ ते ३० मेगासायकल, म्हणजे जवळजवळ सगळी शॉर्टवेव्ह येते.

या लेखात मला मुख्यतः त्या आलेखाच्या कागदाविषयी लिहायचे आहे. पण तो कागद महत्त्वाचा का, हे सांगण्यासाठी बराच वळसा घ्यावा लागेल.

आपल्या घरांत जो रेडिओ होता, मर्फी, फिलिप्स किंवा बुश, तो गाणी आणि बातम्या ऐकण्यासाठी केलेला होता. आवाज गोड हवा, लाकडी पेटी दिवाणखान्यात शोभायला हवी, आणि घरातल्या कुणालाही बटण फिरवून स्टेशन लावता यायला हवे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली तेव्हा लोकांनी ती अशाच संचांवर ऐकली. स्टेशन जरा सरकले, शेजारच्याचा आवाज मध्येच घुसला, तर उठून बटण थोडे हलवायचे. कम्युनिकेशन रिसीव्हर ही जात निराळी. त्याला गोडव्याशी देणेघेणे नाही. खरखरीखाली गाडला गेलेला क्षीण संदेश वर काढणे, त्याला चिकटून बसलेल्या दुसऱ्या संदेशापासून तो वेगळा करणे आणि तासन्‌तास त्याच जागी धरून ठेवणे, एवढे तीन धंदे त्याने करायचे.

शिवाय मोर्स. घरच्या रेडिओवर मोर्सचा संदेश नीट ऐकूच येत नाही. त्या लहरीवर आवाज चढवलेला नसतो. लहर असते किंवा नसते, एवढेच. लहर असते तेव्हा साध्या रेडिओची खरखर जरा दबते आणि कुणीतरी श्वास रोखून सोडल्यासारखे काहीतरी कानावर येते. कम्युनिकेशन रिसीव्हरमध्ये स्वतःची एक बारीक लहर तयार करणारा भाग असतो. आलेली लहर आणि ही घरची लहर यांच्यातला फरक शिट्टीच्या रूपाने ऐकू येतो. ही शिट्टी लांब आणि आखूड तुकड्यांत ऐकली की अक्षरे लिहून घेता येतात.

एचआरओ बाजारात आला १९३५ च्या सुरुवातीला. बोस्टनजवळच्या माल्डन गावातली नॅशनल कंपनी तो बनवत असे आणि त्यामागचा मुख्य माणूस म्हणजे जेम्स मिलेन. विजेच्या बाजूची बरीच आखणी कॅलिफोर्नियात झाली. तिच्यात माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा हर्बर्ट हूवर ज्युनियर याचा मोठा वाटा होता. हा स्वतः पट्टीचा हॅम, म्हणजे परवाना घेऊन घरून संदेश पाठवणारा हौशी रेडिओवाला. नावाची कथा संग्राहकांत फार प्रिय आहे. काम घाईचे, म्हणून कारखान्यातल्या हत्यारघराच्या चिठ्ठ्यांवर ‘भयंकर घाई’ अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे पडत असत. ती होती तशीच ठेवली तर उच्चार अंमळ अश्लील व्हायचा, म्हणून मिलेनने अक्षरांची अदलाबदल केली आणि ‘घाईची ऑर्डर’ असे नाव यंत्राला कायमचे चिकटले. कथा इतकी नेटकी आहे की तिच्यावर थोडा संशय घ्यावा, पण तिला आव्हान देणारी दुसरी कथा माझ्या वाचनात नाही.

यंत्र मात्र घाईचे वाटत नाही. नऊ व्हॉल्व्ह, आणि वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम वेगळ्या डब्यात, म्हणजे त्याची उष्णता आणि गुणगुण रिसीव्हरपर्यंत पोहोचू नये. एरियलवरून आलेला संदेश लहर बदलण्याआधी दोन टप्प्यांत वाढवून आणि गाळून घेतला जातो. मध्ये एक क्वार्ट्झचा स्फटिक. तो लावला की शेजारचा मोर्स पुसल्यासारखा नाहीसा होतो. आणि पेट्या बदलण्याची ती पद्धत. बँड बदलायला एक खटका ठेवला असता तर वापरणाऱ्याची सोय झाली असती, पण त्या काळच्या खटक्यात संदेश थोडा गळतोच. मिलेनने सोय सोडली. प्रत्येक पेटीतले चार स्क्रू एका भोकातून दुसऱ्यात हलवले की तीच पेटी हॅमच्या एखाद्या अरुंद पट्ट्यापुरती काम करते आणि तो पट्टा तबकडीवर ५० पासून ४५० पर्यंत ऐसपैस पसरतो. गिऱ्हाईक स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायला तयार आहे, हे गृहीत धरून केलेले असे यंत्र आज कुणी करणार नाही.

मग युद्ध आले आणि हॅम लोकांसाठी बनवलेला हा संच ब्रिटिशांनी मोठ्या संख्येने विकत घेतला.

ब्लेचली पार्कची कथा आता मराठी वाचकालाही ठाऊक आहे. एनिग्मा, अ‍ॅलन ट्युरिंग, कोलोसस यांच्यावर पुस्तके झाली, सिनेमे झाले. त्या कथेत सांकेतिक मजकूर टेबलावर येऊन पडलेला असतो आणि बुद्धिमान माणसे तो फोडतात. तो टेबलावर आला कसा, याला बहुतेक ठिकाणी अर्धे वाक्य मिळते. लेस्टरशायरमधल्या ब्यूमॅनर या जुन्या वाड्याच्या आवारात, गोठे आणि शेतघरे वाटावीत अशा बेताने बांधलेल्या इमारतींत, लष्कराच्या महिला दलातल्या हजाराहून अधिक मुली पाळ्यांनी चोवीस तास रिसीव्हरसमोर बसत. कानावर हेडफोन, एक हात तबकडीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल. जर्मन भाषा त्यांना येण्याची गरज नव्हती आणि आली असती तरी उपयोग नव्हता, कारण ऐकू येणारी अक्षरे निरर्थक गटांत असत. अर्थ नसलेले अक्षर चुकले तर ते चुकले हे लिहिणाऱ्याला कळत नाही. वाक्यात शब्द राहिला तर आपण तो अंदाजाने भरतो. इथे अंदाजाला जागाच नव्हती. आठ तास असे लिहायचे, संदेश विरत जातो तेव्हा तबकडी केसभर सरकवत त्याच्या मागे जायचे, मग कागद मोटारसायकलवाल्याच्या नाहीतर टेलिप्रिंटरच्या हवाली करायचा. पुढे त्याचे काय झाले हे कधीच कळायचे नाही.

त्या मुलींच्या कामात एक कसब असे होते की ते कोणत्याही आलेखात मावत नाही. मोर्सची खटकी दाबणाऱ्या प्रत्येक माणसाची लय वेगळी असते, हस्ताक्षरासारखी. पलीकडचा जर्मन ऑपरेटर रोज आपली ओळख बदले, फ्रिक्वेन्सी बदले, पण त्याचा हात बदलत नसे. इकडे बसलेली मुलगी त्याला दोन ओळींत ओळखी. त्याने जागा बदलली की ती तबकडी फिरवत त्याला पुन्हा हुडकून काढी.

दुसरी फळी त्याहून अदृश्य होती. ब्रिटनमध्ये जर्मन हेर चोरून संदेश पाठवत असतील तर ते टिपण्यासाठी रेडिओ सुरक्षा सेवा उभारली गेली. तिचे पहिले कार्यालय लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात होते. कामाला माणसे हवीत म्हणून तिने हॅम लोकांना गाठले. युद्ध सुरू होताच त्यांचे परवाने स्थगित झाले होते, ट्रान्समीटर जप्त झाले होते. ऐकण्याची सवय मात्र शाबूत होती. असे सुमारे १५०० स्वयंसेवक दिवसभर आपली नोकरी करून रात्री घरातल्या माळ्यावर किंवा बागेतल्या खोपटात बसून ऐकत आणि लिहिलेले कागद बार्नेट येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर धाडत. पेटी क्रमांक २५. ब्रिटनमध्ये चोरटे ट्रान्समीटर जवळजवळ सापडलेच नाहीत. सापडले ते युरोपभर पसरलेल्या जर्मन हेरखात्याचे, आब्वेरचे, आपसातले संदेश. १९४० च्या सुरुवातीस त्यातला एक संकेत प्रथम फोडला तो या सेवेतल्या दोघांनी, ई. डब्ल्यू. बी. गिल आणि ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी, तोही सरकारी अधिकाराबाहेर जाऊन. हाच ट्रेव्हर-रोपर पुढे इतिहासकार म्हणून नावारूपाला आला आणि १९८३ साली त्यानेच हिटलरच्या बनावट डायऱ्या आधी खऱ्या ठरवल्या. जुन्या वस्तूचे म्हातारपण खरे की आणलेले, हा प्रश्न किती अवघड असतो याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नसेल. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

शत्रूकडूनही एचआरओला एक प्रशस्तिपत्र मिळाले. जर्मनीतल्या कोर्टिंग कंपनीने केएसटी नावाचा रिसीव्हर काढला तो याच यंत्रावरून, पेट्या बदलण्याच्या सोयीसकट. म्हणजे युद्धाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंची माणसे जवळजवळ सारख्या यंत्रांवर एकमेकांना ऐकत होती.

युद्ध संपले आणि या सर्वांनी तोंड बंद ठेवले. गुप्ततेची शपथ होती. १९७४ साली विंटरबॉथम यांचे अल्ट्राविषयीचे पुस्तक आले तोवर संकेत फोडले गेले होते हेच जगाला माहीत नव्हते. गुप्त श्रोत्यांविषयी बीबीसीने माहितीपट केला तो १९७९ साली. तोवर त्यांतले कितीतरी गेले होते. आणि ज्यांच्याकडून काही विचारावे त्यांनी लिहिलेले मूळ कागद कामाचे कागद होते. काम झाले की नष्ट करायचे. मागे राहिली ती यंत्रे, आणि ती भंगारात निघाली.

ऐकणाऱ्याच्या वहीतूनच इतिहास वाचतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र मुंबईचे आहे.

१९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार हिंदुस्थानात परवान्यावाचून रेडिओ संच बाळगणे हाच गुन्हा होता, आणि १९३९ साली युद्ध सुरू होताच इथल्याही हॅमचे परवाने थांबवून त्यांची यंत्रे जमा करून घेण्यात आली. अशा दिवसांत, २७ ऑगस्ट १९४२ रोजी, मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत, ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवत तो चालवत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून त्यांना पकडले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. ही हकिकत शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचली आहे. जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही ती गोष्ट अशी, की या प्रसारणांतला मजकूर आज वाचता येतो तो बऱ्याच अंशी पोलिसांमुळे. सरकारची माणसे रोज ठरल्या वेळी रिसीव्हर लावून बसत आणि शब्दन्‌शब्द टिपून घेत. उषा ठक्कर यांनी २०२१ साली काँग्रेस रेडिओवर जे पुस्तक केले त्याचा कणा म्हणजे ही टिपणे. ज्यांनी तो आवाज बंद पाडण्यासाठी ऐकला त्यांनीच तो जपला. बोलणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. मुंबईतल्या कुठल्यातरी खोलीत हेडफोन लावून बसलेल्या, कदाचित मनातून त्या आवाजाच्या बाजूने असलेल्या कारकुनाचे नाव कुणी विचारलेले नाही.

त्याच काळात दिल्लीला आनंद पर्वतावर वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर नावाचे ब्लेचलीचे एक उपकेंद्र चालू होते, आणि बंगळूर व बराकपूर येथून जपानी संदेश टिपले जात होते. त्या केंद्रावरचे लेखन इंग्रजीतही तुटपुंजे आहे. मराठीत मला काही आढळले नाही.

भंगाराकडे येतो. युद्धानंतर ही यंत्रे किलोच्या भावाने विकली गेली म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लंडनमध्ये लिझल स्ट्रीट, न्यूयॉर्कमध्ये कॉर्टलँड स्ट्रीटवरची रेडिओ रो; या दुसऱ्या बाजारावर पुढे १९६६ मध्ये बुलडोझर फिरला आणि त्या जागी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे आले. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार. एचआरओच्या जोडीला आरसीए कंपनीचा एआर-८८ हा दुसरा प्रसिद्ध संच, चौदा व्हॉल्व्हचा आणि ४५ किलोंच्या घरातला. तो उचलायला दोन माणसे लागतात आणि दोघांचीही कंबर पक्की असावी लागते. या स्वस्त यंत्रांवर युद्धानंतरची हॅमची एक पिढी पोसली गेली. कंपन्यांना नवे संच विकणे त्यामुळे जड गेले असणार, पण धंदा थांबला नाही. ब्रिटनमध्ये १९५० साली रेमंड ब्राऊन आणि काल्डर कनिंगहॅम यांनी आपापल्या नावांची आद्याक्षरे जोडून राकाल ही कंपनी काढली. ट्रेव्हर वॅडली या दक्षिण आफ्रिकन इंजिनिअरच्या विलक्षण कल्पनेवर तिने आरए-१७ हा तेवीस व्हॉल्व्हचा रिसीव्हर उभा केला. फ्रिक्वेन्सी सिनेमाच्या फिल्मसारख्या सुमारे ५ फूट लांबीच्या पट्टीवर छापलेली, त्यामुळे एचआरओसारखे आलेख चाळायला नकोत. याच राकालच्या एका शाखेतून पुढे व्होडाफोन निघाली. आपल्या खिशातल्या फोनच्या वंशावळीत एक लोखंडी, राखाडी, तेवीस व्हॉल्व्हचा आजोबा आहे.

माझा एचआरओ मला २००९ साली चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळाला. ए, बी आणि सी अशा तीन पेट्या होत्या. डी नव्हती, वीजपुरवठ्याचा डबाही नव्हता. मूळच्या काळ्या सुरकुत्यांच्या रंगावर कुणीतरी ब्रशने राखाडी रंग फासला होता. एका कोपऱ्यात तो खरवडला गेला होता आणि खाली पांढऱ्या स्टेन्सिलचे अर्धवट आकडे दिसत होते. सी पेटीच्या आलेखाचा कागद तपकिरी झालेला, कोपऱ्यात पाणी लागलेले. त्यावर पेन्सिलीच्या सात खुणा आहेत. पाचांना नुसते ठिपके, एकापुढे प्रश्नचिन्ह आणि एकापुढे ०२३० हे आकडे. ही जर ग्रीनिच वेळ असेल तर आपले सकाळचे आठ. त्या जागेवर कुणीतरी रोज सकाळी आठ वाजता काहीतरी ऐकत होते.

जुने रिसीव्हर दुरुस्त करणाऱ्यांत गेली कित्येक वर्षे एक वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. एका पक्षाचे म्हणणे, रिसीव्हर हे ऐकण्याचे यंत्र आहे. ते ऐकू शकत नसेल तर ती नुसती पेटी. तेव्हा जे खराब आहे ते सगळे बदला, रंग काढून नवा द्या, आलेख संगणकावर नव्याने छापून घ्या, यंत्र कारखान्यातून आल्यासारखे करा. दुसरा पक्ष म्हणतो, कशालाच हात लावू नका, धूळ झटका आणि कपाटात ठेवा. पहिल्या पक्षाची यंत्रे देखणी असतात आणि कुठून आली हे सांगू शकत नाहीत. दुसऱ्या पक्षाच्या यंत्रांना आपण काही विचारूच शकत नाही.

कोणता भाग का बदलावा लागतो ते सांगतो, म्हणजे वादाला जमीन मिळेल. या यंत्रांतले कंडेन्सर म्हणजे कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, वरून मेण. कागद दमट हवा शोषतो. आपल्या किनाऱ्यावरचे साठ-सत्तर पावसाळे काढलेला असा कंडेन्सर वीज अडवायचे सोडून हळूहळू झिरपू देतो. तो जर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर असेल तर व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहतो, आणि आज सहजी न मिळणारा व्हॉल्व्ह काही मिनिटांत जातो. कार्बनचे रेझिस्टर उलट्या दिशेने बिघडतात. वयाबरोबर त्यांचा विरोध वाढत जातो. रबराचे आवरण असलेली तार वाकवली की आवरणाचा भुगा होतो आणि आत २०० हून अधिक व्होल्ट खेळत असतात. म्हणून असा संच आणल्या आणल्या कधीही थेट विजेला जोडू नये. आधी एक साधा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहायचे. बल्ब लखलखीत पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

तबकडीमागची गिअरपेटी हा एचआरओचा प्राण. तिच्यातले ग्रीस वाळून लाखेसारखे होते आणि तबकडी जड फिरते. जोर लावणारे हात इथे यंत्राचा सत्यानाश करतात. रॉकेलचा थेंब, दोन दिवस वाट पाहणे, पुन्हा थेंब, मग हलके तेल. मला तीन आठवडे लागले. तबकडी शेवटी एका बोटाने फिरू लागली. तिला बोटाने गती दिली की ती स्वतःच्या वजनाने थोडी पुढे सरकते आणि अगदी निश्चित थांबते. तेव्हा ब्यूमॅनरच्या मुली संदेशामागे केसभर कशा सरकत असतील हे पुस्तकातून कळले नव्हते ते हाताला कळले. वाद जर या प्रश्नावर असेल, तर पहिल्या पक्षाला माझे एक मत पक्के आहे: यंत्र चालले पाहिजे.

पण चालवण्यासाठी बदललेले भाग लपवावेत का? पुष्कळ कुशल कारागीर जुना मेणाचा कंडेन्सर तापवून आतली गुंडाळी काढतात, त्या पोकळीत आजचा छोटा पिवळा कंडेन्सर बसवतात आणि पुन्हा मेण भरतात. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. काम नाजूक आहे आणि मी ते पाहून थक्क झालो आहे. तरी मी ते करत नाही. झाकण उघडणाऱ्या पुढच्या माणसाला १९४० च्या कवचात आजचा जीव सापडला तर बाकीच्या कशावर त्याने विश्वास ठेवावा? कागद जुना, शाई जुनी वाटली म्हणून डायऱ्या खऱ्या ठरवणाऱ्याची फजिती आपण पाहिली आहे. माझ्या एचआरओच्या पोटात पिवळे कंडेन्सर उघड दिसतात, आणि काढलेले जुने एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून. हे देखणे नाही. एका मित्राने याला भाजीचे दुकान म्हटले, आणि त्यात तथ्य आहे.

राखाडी रंगही मी काढला नाही. खाली स्टेन्सिलचे आकडे आहेत ते पूर्ण वाचायचा मोह मोठा होता. पण राखाडी रंग हाही कुणाच्यातरी हातचा आहे, बहुधा युद्धानंतरच्या एखाद्या इथल्या कार्यशाळेतला. एक मालक वाचण्यासाठी दुसरा पुसायचा, हा व्यवहार मला जमेना.

आता त्या कागदाविषयी. एचआरओचे आलेख आज छापील मिळतात. स्वच्छ, पांढरे, मूळ आकाराचे. विकत घेतलेल्या बहुतेक एचआरओंवर तेच दिसतात. जुना कागद काढताना तो फाटतोच, कारण तो ठिसूळ झालेला असतो, आणि मग तो केरात जातो. यात कुणाची वाईट बुद्धी नसते. पण ऐकणाऱ्याने यंत्रावर स्वतःच्या हाताने काही लिहिले असेल, तर ते फक्त याच कागदावर. तबकडीवर फ्रिक्वेन्सी नसल्यामुळे त्याला लिहावेच लागत असे; नाहीतर काल ऐकलेली जागा आज सापडणार नाही. शिवाय त्याचा ३१२ हा आकडा दुसऱ्या पेटीवर उपयोगाचा नाही. पेट्या त्या त्या संचाशी जुळवून दिलेल्या असत, त्यामुळे खूण, पेटी आणि संच ही तिन्ही एकत्र राहिली तरच तिला अर्थ राहतो. ब्यूमॅनरचे कागद गेले, टपालपेटी २५ मध्ये पडलेले बहुतेक गेले. पेन्सिलीचे ठिपके असलेले आलेख जगात किती उरले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही, कारण संग्राहकांच्या किमतीत पेन्सिलीची खूण म्हणजे दोष आणि स्वच्छ कागद म्हणजे गुण. हे मूल्यमापन मला सपशेल उलटे वाटते.

ब्लेचलीच्या आवारात आज कोलोसस चालू स्थितीत पाहता येतो. टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली ती पुनर्रचना आहे, कारण मूळ यंत्रे मोडून टाकण्यात आली होती. तिथे जाणारा माणूस त्या नव्या कोलोससपुढे हात जोडतो. खरेखुरे, त्या काळात खरोखर ऐकलेले रिसीव्हर मात्र अजून चोरबाजारात मिळू शकतात. विचार केला तर ही उलटापालट मजेदार आहे.

चालू केल्यावर त्यावर काय ऐकू येते, असे घरी येणारे विचारतात. प्रामाणिक उत्तर, खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि जिन्यातल्या लिफ्टची मोटर यांचा कल्लोळ शॉर्टवेव्हवर सदैव चालू असतो, आणि १९४२ साली मुंबईत कुणाला जे ऐकू येत असेल त्याच्या मानाने माझा संच अर्धा बहिरा आहे. मोठी स्टेशने एकेक करून बंद होत आहेत. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा २०२० च्या जानेवारीअखेर थांबली. जहाजांचा मोर्स त्याआधीच, १९९९ मध्ये, अधिकृतपणे निवृत्त झाला. रात्री वीज गेली की मात्र, इमारतीत अंधार असताना, मी बॅटरीवर संच लावतो आणि अचानक बँड स्वच्छ होतो. सी पेटी, स्क्रू अरुंद पट्ट्यावर, तबकडी दीडशेच्या पुढेमागे, म्हणजे साधारण ७.०८ मेगासायकल. मीटरात मोजले तर ४२.३४. आज ती जागा हॅम मंडळींची आहे. सांगली, बेळगाव, हैदराबादचे लोक तिथे एरियल आणि हवापाण्याबद्दल बोलत असतात.

०२३० ची खूण मात्र या पट्ट्यात नाही. सकाळी आठ वाजता मी तिच्यावर महिनाभर ऐकले. काही नाही. तिथे पूर्वी काय असावे याची यादी जुन्या स्टेशन-पुस्तिकांवरून करता येईल, पण खूण १९४३ ची की १९६३ ची हे ठरत नाही तोवर यादीला आधार नाही. पेन्सिलीचे वय सांगता येत नाही.

आलेख मी जागेवरच ठेवला आहे, त्यावर एक पारदर्शक पत्रा आहे आणि नवा छापील आलेख बाजूला, भिंतीवर. संचाच्या वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक पाकीट चिकटवले आहे. त्यात मी केलेल्या बदलांची यादी आहे, तारखेसह: कोणता भाग, जुने मोजमाप काय आले, नवा कोणता बसवला, जुना कुठे ठेवला. सध्या तिच्यात ३४ नोंदी आहेत. चौतिसावी यंदाच्या जुलैतली: दुसऱ्या टप्प्याचा एक रेझिस्टर, अंगावरच्या रंगपट्ट्यांनुसार ५० हजार ओहम, प्रत्यक्षात ८१ हजार, बदलला, जुना बिस्किटाच्या डब्यात, चिठ्ठी क्रमांक ३४.